प्लेगाचें संशोधन आणि उंडेऱ्याचा तक्ता (सन १८९६ ते १९०८)

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत गांठीच्या तापाची सांथ उघडकीस आली. त्यानंतरच्या बारा वर्षांत या रोगाविषयीं जें नवें ज्ञान जगास लाभलें, त्याचा फार मोठा भाग मुंबई, कराची, बडोदें व पंजाब या ठिकाणीं, येथल्याच माणसांवर, उंदरांवर आणि घरांवर केलेल्या परीक्षांतून मिळाला. असें असतां या काळाचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे, तो बहुधा दोन तऱ्हांचा आहे. एक तऱ्हा पुण्याची. तींत गोऱ्या शिपायांच्या झडत्या, रँडसाहेबाचा अंमल व चाफेकर बंधूंचें कृत्य यांचें वर्णन येतें. दुसरी तऱ्हा परळची; तींत हाफ्कीनसाहेबाचे परिश्रम, लशीचा शोध व त्याच्या नांवें पुढें चाललेली संस्था यांचें वर्णन येतें. दोन्ही तऱ्हा आपापल्या जागीं खऱ्या आहेत. परंतु पहिलीस दुसरीची ओळख नाहीं, आणि दुसरी पहिलीकडे पाहत नाहीं. वास्तविक, १८९७ च्या ज्या उन्हाळ्यांत पुण्यांत घरोघर झडती चालली होती, त्याच उन्हाळ्यांत मुंबईस लस टोचली जात होती. एकच सरकार एकाच रोगावर दोन हातांनीं काम करीत होतें, आणि एका हातास दुसऱ्याचें ज्ञान नव्हतें. प्रस्तुत लेखांत या संशोधनाकडे केवळ संशोधन म्हणून पाहावयाचें योजिलें आहे. कोणता प्रश्न आधीं विचारला गेला, कोणता मागें पडला, आंकडे कसे जमविले गेले आणि त्यांचें मोल कोणीं दिलें, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

आरंभाची हकीकत थोडक्यांत सांगतों. मांडवींत वैद्यकी करणारे गोमंतकीय डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं हा रोग प्लेगच आहे असें २३ सप्टेंबर १८९६ रोजीं निश्चयानें सांगितलें. प्रथम पुष्कळांनीं तें मानलें नाहीं. व्यापाराचें बंदर, आणि प्लेगाचें नांव निघतांच युरोपांतील बंदरें मुंबईच्या गलबतांस बंद होणार, हें सर्वांस ठाऊक होतें. रोगाचा जंतु तेव्हां ज्ञात होता. दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँगच्या सांथींत अलेक्झांद्र यर्सिन यानें तो दाखविला होता. तेव्हां मुंबईच्या सांथीच्या वेळीं शास्त्रास रोगाचें कारण माहीत होतें, रोगाची वाट मात्र माहीत नव्हती. जंतु एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत कोणत्या मार्गानें जातो, याविषयीं ज्याचा त्याचा तर्क होता. कोणी माती म्हणे, कोणी हवा, कोणी धान्य, कोणी रोग्याचा स्पर्श. या एका अज्ञानांतून पुढचा सर्व अनर्थ निघाला असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

वाल्डेमार हाफ्कीन हा मूळचा ओडेसाचा यहुदी गृहस्थ, पॅरिसच्या पास्तर संस्थेंत तयार झालेला. १८९३ पासून तो हिंदुस्थानांत पटकीवरील लस टोचीत फिरत होता. सरकारच्या बोलावण्यावरून तो ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली आणि एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यानें काम आरंभिलें व तीन महिन्यांच्या आंत लस सिद्ध केली. तिची कृति आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. मांसाच्या रसांत जंतु वाढवावयाचे, तर गाईचें मांस हिंदूंस वर्ज्य आणि डुकराचें मुसलमानांस. म्हणून बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले. तुपाच्या आधारानें जंतूंची वाढ वरून खालीं लोंबती होते. कांचपात्र हालविलें कीं ती तुटून तळाशीं बसते आणि वर नवी वाढ सुरू होते. असें कांहीं आठवडे चालल्यावर तो रस तापवून जंतु मारावयाचे आणि त्यांत थोडें कार्बोलिक आम्ल घालावयाचें. ज्या देशांत सोंवळ्याओंवळ्याचा प्रश्न पदोपदीं येतो, तेथें परक्या शास्त्रज्ञानें तो प्रयोगशाळेच्या दारांतच सोडविला, ही गोष्ट लहान नव्हे. पुण्याच्या अधिकाऱ्यांस हें सुचतें, तर इतिहास निराळा झाला असता.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफ्कीननें ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, व तेथें पहिली मोठी परीक्षा झाली. जे कैदी स्वेच्छेनें पुढें आले त्यांस टोचलें, बाकीच्यांस नाहीं. दोन्ही गट एकाच भिंतींच्या आंत, एकच अन्न खात राहिले. टोचलेले सुमारे दीडशें होते. त्यांपैकीं दोघे आजारी पडले, मेला कोणी नाहीं. न टोचलेले पावणेदोनशेंच्या घरांत होते. त्यांपैकीं बारा आजारी पडले, सहा मेले. हे आंकडे पुढें जगभर गेले. त्यांचें मोल आहेच, परंतु त्यांत एक उणीव आहे, ती येथें सांगणें अवश्य आहे. स्वेच्छेनें पुढें येणारा आणि मागें राहणारा ही एकाच घडणीचीं माणसें असतात असें नाहीं. धट्टाकट्टा असेल तो धीटपणानें पुढें होईल, अशक्त असेल तो मागें राहील, हा संभव आहे. मग फरक लशीचा कीं मूळ प्रकृतीचा हें ठरवावें कसें? शिवाय तुरुंगांतल्या 'स्वेच्छे'स किती अर्थ असतो, हाहि प्रश्न आहेच. ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस आहे, त्याचा होकार आणि मोकळ्या माणसाचा होकार एका तागडींत घालतां येत नाहीं.

या उणिवेचें उत्तर पुढल्या वर्षीं उंडेरें येथें शोधण्यांत आलें, आणि आमच्या मतें या सर्व काळांतील सर्वांत विचार करण्याजोगा कागद तो उंडेऱ्याचा तक्ता होय. उंडेरें हें गायकवाडी मुलखांत बडोदें शहराजवळचें, हजारएक वस्तीचें गांव. गांवांत प्लेग चालू असतांना, फेब्रुवारी १८९८ मध्यें, बडोदें सरकारच्या अधिकाऱ्यांसमक्ष गांवच्या लोकांस घरवार एकत्र केलें आणि प्रत्येक कुटुंबांतील अदमासें अर्धीं माणसें टोचलीं, अर्धीं तशींच ठेविलीं. बायका, पुरुष, मुलें, दुबळे, सशक्त हे दोन्ही बाजूंस सारखे यावेत असा योजणारांचा कटाक्ष होता. म्हणजे एकाच छपराखालीं, एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांपैकीं एक टोचलेला आणि एक न टोचलेला. सुमारें सहा आठवड्यांनीं पुन्हां घरोघर जाऊन चौकशी करण्यांत आली. टोचणीनंतर ज्यांत प्लेग झाला अशीं अठ्ठावीस कुटुंबें निघालीं. त्यांत टोचलेलीं माणसें ७१. पैकीं आजारी ८, मृत ३. न टोचलेलीं ६४. पैकीं आजारी २७, मृत २६.

तक्ता एवढाच आहे, परंतु तो सावकाश वाचला पाहिजे. प्रथम त्याची थोरवी सांगतों. तुलना करावयाची तर सारख्यांची सारख्यांशीं करावी, हें तत्त्व येथें पाळलें आहे. घर एक, अन्न एक, उंदीर तेच, पिसवा त्याच. उंदीरपिसवांचा संबंध त्या वेळीं योजणारांच्या मनांतहि नव्हता. तरी घर वांटून न घेतां कुटुंब वांटून घेतल्यामुळें तो दोष आपोआप टळला. गांवाचा पूर्वभाग टोचला असता आणि पश्चिमभाग सोडला असता, तर सगळाच प्रयोग फसला असता, कारण प्लेग गल्लीगल्लीनें चालतो. निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, पाहणाऱ्याच्या नजरेनें केलेली होती, हें खरें. परंतु निवड दैवावर सोंपविण्याची पद्धत वैद्यकांत मान्य होण्यास लंडनांतील १९४८ सालची स्ट्रेप्टोमायसिनाची परीक्षा यावी लागली. त्याच्या पन्नास वर्षें आधीं गुजराथेंतल्या एका खेड्यांत एवढी काळजी घेतली गेली, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासांत ठळकपणें व्हावयास हवी होती.

आतां शंका. न टोचलेल्यांत सत्तावीस आजाऱ्यांपैकीं सव्वीस मेले, हें प्रमाण फार मोठें आहे. गांठीचा प्लेग त्या काळीं दहांतील सहा ते आठ रोग्यांस नेत असे. सत्तावीसांतून एकच वांचावा हें त्या मानानें विलक्षण दिसतें. याचा उलगडा एका रीतीनें होतो. सहा आठवड्यांनीं चौकशी करणाऱ्यास मेलेला माणूस लपत नाहीं, परंतु चार दिवस ताप येऊन उठून बसलेला सहज निसटतो. घरचे सांगत नाहींत, किंबहुना झडतीच्या आणि इस्पितळाच्या भीतीनें मुद्दाम लपवितात. टोचलेल्यांकडे मात्र सर्वांचें लक्ष, त्यांचा बारीकसारीक तापहि टिपला गेला असावा. तसें असेल तर 'लशीनें रोग सौम्य होतो' हें जें अनुमान आठांतील तीन आणि सत्तावीसांतील सव्वीस या तुलनेवरून निघतें, तें ढिलें पडतें. परंतु यामुळें लशीचा मुख्य गुण कमी होत नाहीं. उलट, न टोचलेल्यांतील आजारी सत्तावीसांहून अधिक होते असें धरलें, तर रोग टाळण्याचा तिचा गुण अधिकच ठरतो. मृत्यूचा रकाना तर शंकेच्या पलीकडचा आहे: एकाहत्तरांत तीन, चौसष्टांत सव्वीस, म्हणजे अदमासें दहापट अंतर. सर थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं १८९८-९९ सालीं बसलेल्या प्लेग कमिशननें हाफ्कीनच्या आंकड्यांत पुष्कळ ठिकाणीं ढिलाई दाखविली, तरी अखेर टोचणीनें रोग आणि मृत्यु दोन्ही कमी होतात, तिचें रक्षण कांहीं दिवसांनीं लागू पडतें व कित्येक आठवडे, कदाचित् कित्येक महिने टिकतें, असाच निर्णय दिला.

येथवर गणित झालें. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें त्या चौसष्ट माणसांपाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. हाफ्कीनची लशीवर श्रद्धा होती. भायखळ्याचे आंकडे त्याच्या हातीं वर्षापासून होते. मग ज्यांस वांचवितां येतील असें त्यास वाटत होतें, त्यांपैकीं अर्धीं माणसें त्यानें जाणून सोडलीं कां? याचें उत्तर त्याच्या निर्दयपणांत नाहीं. जगाचा आणि विशेषतः इंग्रज वैद्याधिकाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तो डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता, आणि आंकड्यांवांचून त्याचें कोणी ऐकणार नव्हतें. दुसरीहि बाजू पाहिली पाहिजे. त्या काळच्या लशीनें दंड सुजे, ताप भरे, एकदोन दिवसांची मजुरी बुडे. आणि टोचून घेतल्यानें माणूस मरतो, नपुंसक होतो अशा कंड्या गांवोगांव पिकत होत्या. तेव्हां उंडेऱ्यांत ज्यांस सोडलें त्यांतील कित्येकांनीं त्या दिवशीं सुटकेचा निःश्वासहि टाकला असेल. तथापि एवढें खरें कीं, पुढें लाखों लोकांस टोचण्याचा जो आधार सरकारास मिळाला, तो त्या सव्वीस मृत्यूंच्या जोरावर मिळाला. आणि त्या गांवास तसें कोणीं आधीं विचारलें नव्हतें. आज अशी परीक्षा करावयाची तर प्रत्येक माणसास समजावून त्याची संमति घ्यावी लागते. तो नियम ज्या अनुभवांतून निघाला, त्या अनुभवांत युरोपांतील छळछावण्यांतल्या कैद्यांची गणना होते. हिंदुस्थानांतल्या खेड्यांची होत नाहीं.

लोकांचा विश्वास संपादन करण्याचा दुसरा मार्ग नव्हता असें नाहीं. मुंबईस खोजे समाजाचे तरुण धर्मगुरु आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः टोचून घेतलें, आणि हजारों खोजांनीं त्यांचें अनुकरण केलें. हुबळीसहि १८९८ सालीं हजारों लोक टोचून घेण्यास पुढें आले. म्हणजे 'एतद्देशीय लोक अडाणी, ते औषधास भितात' असें जें त्या वेळच्या इंग्रजी कागदांत पुनःपुन्हां येतें, तें सरसकट खरें नाहीं. लोक कशास भीत होते, हें पाहावयाचें तर पुण्याकडे वळलें पाहिजे.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँड यांची नेमणूक होऊन मार्चपासून गोऱ्या सोजिरांकडून झडत्या सुरू झाल्या. तो सर्व प्रकार वाचकांच्या परिचयाचा आहे, त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. २२ जून रोजीं रँड यांवर गोळी झाडली गेली, व ३ जुलै रोजीं ते वारले. येथें फक्त त्या झडत्यांच्या मुळाशीं असलेली कल्पना तपासावयाची आहे. ती कल्पना अशी कीं, प्लेग माणसापासून माणसास होतो. म्हणून रोगी हुडकून काढावा, तो इस्पितळांत न्यावा, त्याच्या घरच्यांस छावणींत ठेवावें आणि घर धुवून काढावें. शास्त्राचा तसा निकाल झालेला नव्हता. तो केवळ तर्क होता, आणि त्या तर्काच्या जोरावर सोजिरांस माजघरांत आणि देवघरांत शिरण्याची मुभा मिळाली. फुप्फुसाचा प्लेग वगळला तर गांठीच्या प्लेगाचा रोगी शेजारच्यास रोग देत नाहीं, हें पुढें सिद्ध झालें. तेव्हां झडतीनें जी माणसें ओढून नेलीं, त्यांतील बहुतेकांस नेल्यानें सांथ रेंसभरहि हटली नाहीं. कपडेलत्ते उन्हांत टाकणें किंवा उकळणें यांत मात्र अर्थ होता, कारण त्यांत पिसवा असत. परंतु तो अर्थ त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हता. घरें धुण्याची गोष्ट याहून चमत्कारिक. जमिनी उकरून औषधी पाणी ओतलें कीं त्या घरचे उंदीर शेजारच्या घरीं जात, आणि त्यांच्या अंगावर जें काय असे तेंहि त्यांच्याबरोबर जाई.

याच काळांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली, व त्यांतच रोग जडून १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. टिळकांनीं हिंदु प्लेग इस्पितळाच्या कामांत लक्ष घातलें. ज्यांनीं रोग्यास हात लावला त्यांच्यांत रोगाचें भय आणि माणसाची कींव दोन्ही होतीं. सरकारी पत्रकांत त्यांपैकीं एकच दिसतें.

रोगाची वाट प्रथम ज्यानें ओळखली तो फ्रेंच लष्करी वैद्य पोल-लुई सिमाँ. १८९७ मध्यें तो मुंबईस होता. पुढें कराचीस २ जून १८९८ रोजीं त्यानें कांचेच्या भांड्यांत प्रयोग करून दाखविलें कीं, प्लेगानें मेलेल्या उंदराच्या पिसवा निरोगी उंदरावर गेल्या म्हणजे तो प्लेगानें मरतो, स्पर्शाची जरूर लागत नाहीं. त्याचा निबंध त्याच वर्षीं पास्तर संस्थेच्या पत्रांत प्रसिद्ध झाला. फ्रेझर कमिशननें तो वाचला आणि या उपपत्तीस विचारांत घेण्याजोगें महत्त्व नाहीं अशा अर्थाचा शेरा मारून बाजूस सारला! उंडेऱ्याच्या आंकड्यांतील लहानसहान चुका ज्या मंडळीनें बारकाईनें काढल्या, त्याच मंडळीस सर्व प्रश्नाची किल्ली हातीं आली असतां ओळखतां आली नाहीं. यांत बुद्धीचा दोष नव्हता. कागदावरील आंकडा तपासण्याची त्यांची तालीम होती. घराच्या आढ्याकडे पाहण्याची नव्हती.

दरम्यान हाफ्कीनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसांत गेली. १८९९ च्या ऑगस्टांत तिचें उद्घाटन झालें. लस लाखांच्या मापानें तयार होऊं लागली. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं अपघात झाला. त्या दिवशीं १०७ लोकांस टोचलें. पैकीं एका बाटलींतून टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात होऊन ते सर्व मेले. बाटली परळहूनच दूषित आली असा आरोप झाला. हाफ्कीननें कार्बोलिक आम्लाच्या ऐवजीं उष्णतेवर विसंबण्याची नवी रीत घातली होती, तिच्यावर ठपका आला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशीमंडळाचा कल त्याच्याविरुद्ध गेला, व त्यास अधिकारावरून दूर व्हावें लागलें. बाटली उघडतांना हस्तकाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतांच वापरला, ही साक्ष कागदांत होती. ती पुढें लंडनांत तपासली गेली. रोनल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ च्या जुलैंत 'टाइम्स' पत्रांत जाहीरपणें त्याचा पक्ष घेतला, आणि तो निर्दोष ठरला. या प्रकरणावर युरोपांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें बहुतेक सर्व हाफ्कीनवरील अन्यायाविषयीं आहे. तो अन्याय खरा होता. परंतु मलकोवालच्या एकोणीस घरांची हकीकत त्या सर्व लिखाणांत एका ओळींत संपते. पंजाबांत टोचणीचें काम त्या वेळीं मोठ्या प्रमाणावर निघालें होतें. या अपघातानंतर तें मंदावलें, आणि प्लेगाचा सर्वांत भयंकर घाला पुढल्या वर्षांत पंजाबावरच पडला. एकट्या १९०७ सालीं हिंदुस्थानांत तेरा लाखांच्या आसपास माणसें प्लेगानें मेलीं.

रोगाच्या वाटेचा प्रश्न अखेर मुंबईंतच सुटला. परळच्या प्रयोगशाळेंतील कॅप्टन लिस्टन यास १९०३ च्या सुमारास भायखळ्याच्या बागेंतील गिनीपिग प्लेगानें मेलेले आढळले, आणि त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा दिसल्या. गिनीपिगाच्या अंगावर एरवीं त्या नसतात. मग आल्या कोठून? उंदीर मेले, त्यांच्या पिसवा भुकेल्या झाल्या आणि मिळेल त्या प्राण्यावर गेल्या. त्यानें माणसांच्या अंगावरील पिसवा मोजून पाहिल्या. साधारण वेळीं धरलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू एकच निघाली. ज्या चाळींत उंदीर पडले होते तेथील माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवांत उंदराच्या १४ निघाल्या. हा निबंध मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळाच्या पत्रांत १९०५ सालीं छापला आहे. साधें काम, साधी मोजणी. परंतु नऊ वर्षें जो प्रश्न कोणीं नीट विचारला नव्हता तो येथें विचारला गेला.

त्याच वर्षीं नवें संशोधनमंडळ परळास काम करूं लागलें. त्यांत लँब, लिस्टन, पेट्री, रोलंड या इंग्रजांबरोबर केशव पै, रामचंद्रय्यर, आवारी इत्यादि एतद्देशीय डॉक्टरहि होते. त्यांचीं नांवें निबंधांच्या आरंभीं छापलीं आहेत, पण पुढच्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतात. या मंडळानें प्रयोगशाळेच्या आवारांत लहान लहान कोठ्या बांधल्या. कांहींचीं छपरें साध्या कौलांचीं, तेथें उंदरांस घर करतां येई. कांहींचीं अशीं कीं उंदरास थारा मिळूं नये. त्यांत रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवून पाहिले. पिसवा नसल्या तर निरोगी जनावर रोग्याच्या अंगास अंग लावून, त्याच घाणींत राहिलें तरी त्यास कांहीं होत नसे; पिसवा असल्या तर रोग पसरे. पिंजरा जमिनीपासून दोन इंच उंच टांगला तर आंतील जनावर मरे. दोन फूट उंच टांगला तर वांचे, कारण पिसवेची उडी तेथवर पोंचत नाहीं. सोजिरांच्या झडत्यांचें उत्तर या दोन फुटांत होतें. मंडळानें वर्षभरांत मुंबईचे लाखावर उंदीर तपासले आणि क्रम ठरविला: आधीं गटारांतील तपकिरी उंदीर मरूं लागतात, सुमारें दहा दिवसांनीं घरांतील काळे उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसें. हे निबंध १९०६ पासून इंग्लंडांत 'जर्नल ऑफ हायजीन' या पत्रांत निघाले.

आतां एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'उंदीर पडूं लागले' म्हणजे गांव सोडावें, हें आपल्या लोकांस या सर्व निबंधांच्या आधीं ठाऊक होतें. कुमाऊं-गढवालच्या डोंगरी मुलखांत प्लेगास 'महामारी' म्हणत. तेथील लोक उंदीर मेलेले दिसतांच घरें टाकून रानांत जात, याची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच केली होती. महाराष्ट्रांतहि सांथीचीं पहिलीं एकदोन वर्षें जातांच गांवेंच्या गांवें माळावर झोंपड्या घालून राहूं लागलीं, आणि तेथें मरणें थांबलीं. यावरून आपल्या पूर्वजांस पिसवांचें शास्त्र अवगत होतें असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. तो खोटा आहे. उंदीर मरतात आणि मग माणसें मरतात, एवढी जोडी त्यांनीं पाहिली होती. मधला दुवा त्यांस माहीत नव्हता, व तो शोधण्यास सिमाँचें कांचेचें भांडें आणि परळच्या कोठ्याच लागल्या. परंतु ही जोडी सरकारी दप्तरांत पन्नास वर्षें पडून असतांना १८९७ मध्यें शोध घेतला तो माणसांच्या बिछान्यांत. संशोधनाचा प्रश्न कोणता धरावा हें संशोधकाच्या हातीं असतें असें आपण मानतों. येथें तो प्रश्न पोलिसी डोक्यानें आधींच ठरवून टाकला होता.

वाट सांपडल्यावर तरी उपाय त्या वाटेनें गेला काय? अंशतः गेला. उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या, धान्याच्या वखारींकडे लक्ष गेलें. परंतु काळा उंदीर राहतो तो कौलांत, भिंतींच्या भेगांत, कोंदट चाळीच्या पोटमाळ्यावर. तो घालवावयाचा तर गरिबाचें घर बदललें पाहिजे. मुंबईंत १८९८ सालीं सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला होता. त्यानें जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानानें नव्या चाळी फार मागून उठल्या, आणि उठलेले लोक शेजारच्या वस्तींत अधिकच दाटीनें राहूं लागले. लस टोचणें स्वस्त होतें, घर बांधणें महाग. १८९६ पासून १९१८ पर्यंत हिंदुस्थानांत प्लेगानें सुमारें एक कोटी माणसें गेलीं. त्यानंतर सांथ ओसरली ती लशीनें किती, घरांनीं किती आणि उंदरांतच रोगाविरुद्ध आलेल्या प्रतिकारशक्तीनें किती, यावर आजहि विद्वानांत एकमत नाहीं. परळची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफ्कीनच्या नांवानें चालली, व तेथें पुढें साहेबसिंग सोखी यांच्या देखरेखीखालीं लस अधिक प्रभावी करण्यांत आली.

१९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला. पुढल्या वर्षीं ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं घरांत उंदीर पडूं लागले आणि पिसवांचा उपद्रव फार वाढला, अशी गांवकऱ्यांनीं तक्रार केली. कांहीं दिवसांनीं त्याच गांवीं गांठीच्या तापाचे रोगी निघाले.